मंजुळाने वाचलेली सोळा अक्षरं

१

पहिला फोन आला तो कळव्याहून, सोमवारी सकाळी साडेदहाला.

"मुलीचं नाव तुमच्याकडे नोंदवलं ते लग्न जमवायला, की आमच्या घरचा नंबर गावभर वाटायला?" पलीकडचे गृहस्थ ओरडत होते. रविवारी त्यांना घोडबंदर रोडवरच्या कुठल्याशा नव्या विवाह केंद्रातून फोन आला होता. बोलणाऱ्याला मुलीची जन्मवेळ ठाऊक होती, ती कुठल्या बँकेत नोकरी करते ते ठाऊक होतं, आणि मागे तिचं एक ठरलेलं लग्न मोडलं होतं तेसुद्धा.

बारा वाजेपर्यंत असे अकरा फोन झाले. अकराही मुलींच्या घरचे.

गोष्ट एकोणीसशे नव्व्याण्णव सालची. तुळशीची लग्नं लागून गेली होती, म्हणजे आमचे गर्दीचे दिवस. ठाण्यात नौपाड्यात सीतारामआबा टिपणीस वधूवर सूचक मंडळ चालवत. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यावर मी तिथे मदतीला जाऊ लागले होते. पस्तीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिलेल्या बाईला घरात करमत नाही. आता मला चौऱ्याऐंशी पूर्ण झाली. काल काय जेवले ते आठवत नाही, पण त्या सोमवारी आबांच्या सदऱ्याचं मधलं बटण तुटलेलं होतं हे आठवतं.

दोनच महिन्यांपूर्वी आबांनी मंडळाची वेबसाइट केली होती. तेव्हा त्याची केवढी अपूर्वाई! माणसं पेढे घेऊन बघायला यायची. वेबसाइटवर मुलीचं पहिलं नाव, वय आणि शिक्षण एवढंच दिसे. पत्ता, फोन आणि पत्रिका पुण्याच्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर कुलूपबंद असत; उघडायला अक्षरं-आकड्यांची एक गुप्त चावी लागे. तसा शब्द आबांनी प्रत्येक आईबापाला स्वतः दिला होता.

"कुलूप फुटलेलं नाही," आबा म्हणाले. "चावीनेच उघडलंय. चावी बाहेर कुणी दिली?"

खोलीत आम्ही चौघं होतो. आबा, मी, टायपिंग करणारी मंजुळा, आणि आबांचा पुतण्या उत्तम. उत्तम मद्रासला वाढलेला. ठाण्यात येऊन त्याला महिना झाला होता.

"काका, मला बोलायचं नव्हतं," उत्तम म्हणाला. "पण गुरुवारी मंजुळा फोनवर कुणाला तरी चावी वाचून दाखवत होती. मी इथेच बसलेलो."

आम्ही मंजुळाकडे पाहिलं. ती नाही म्हणेल अशी माझी खात्री होती.

"हो," ती म्हणाली. "दाखवली वाचून."

२

मंजुळा बाळकुमची, कोळ्यांची. आई जनाबाई ठाण्याच्या बाजारात मासळी विकायची. खुर्चीवर बसून काम करणारी घरातली ही पहिलीच. पंचवीस मुलींतून आबांनी तिला निवडलं होतं, आणि आता ते तिच्याकडे बघायला तयार नव्हते.

"शनिवारी कमिटी बसेल," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "तोवर कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. त्यानंतर तक्रारीचा कागद पोलिसांकडे जाईल."

मग त्यांनी अकराही घरी एकेक करून फोन लावले. "आमच्या टायपिस्टची करणी. कोळ्यांची मुलगी आहे, तिला काढून टाकतोय." मंजुळा तीन हातांच्या अंतरावर बसून ऐकत होती. पाचव्या फोनानंतर ती उठून जिन्यात गेली. मी मागोमाग गेले.

"कोण होता गं फोनवर?"

"कंपनीतून बोलतोय म्हणाला. तुमची चावी वाचा, तपासायचीय. मी सॉफ्टवेअरच्या खोक्यातलं कार्ड काढून वाचलं."

"रडू नको. रडलीस की लोकांना खरं वाटतं."

"रडतेय कुठे, शकूताई? राग आलाय मला."

खरंच, डोळे कोरडे होते. मला वाटून गेलं, एवढा कोरडेपणा बरा की वाईट? एक्स्चेंजमध्ये मी मॉनिटर होते, ऑपरेटर मुलींवर देखरेख करायचे. अतिशय शांत आवाजात खोटं बोलणाऱ्या मुली मी पाहिल्या होत्या.

"वाचायला किती वेळ लागला?"

"मिनिटभर पण नाही. चार-चार अक्षरांचे चार गट. बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली करत."

म्हणजे सोळा. मी आत गेले आणि आबांकडे ती चावी बघायला मागितली. लोखंडी कपाटातून त्यांनी एक खाकी पाकीट काढलं.

"वेबसाइट बसवली त्या दिवशी कॉम्प्युटरवाल्या गोपीनाथने स्क्रीनवरून वाचली आणि मी उतरवून घेतली. ही एकच प्रत."

कागदावर आबांचं मोत्यासारखं अक्षर होतं. इंग्रजी मुळाक्षरं, आणि मधूनमधून आबांचे मराठी आकडे. आबांनी जन्मात इंग्रजी आकडा लिहिला नव्हता, रेल्वेच्या पासाच्या फॉर्मवरसुद्धा नाही. मी बोट ठेवून मोजलं.

चोवीस.

पुन्हा मोजलं. चोवीसच.

"आबा, हे कपाट बंद कधी असतं?"

"संध्याकाळी जाताना लावतो."

"म्हणजे दिवसभर उघडं."

"शकूताई, आता घरच्याच माणसांवर संशय घ्यायचा?"

"मंजुळा कालपर्यंत घरची नव्हती का?"

आबांनी पाकीट माझ्या हातातून काढून घेतलं. मंजुळाने सोळा अक्षरं वाचली होती आणि कुलूप उघडायला चोवीस लागत होती. बाकीची आठ चोराने आणली कुठून?

३

मंगळवारी मी डोंबिवलीला निघाले, तर जिन्यात उत्तम भेटला.

"मावशी, कशाला एवढी धावपळ? तिने स्वतः कबूल केलंय ना. एकदम सिंपल आहे."

"सिंपल असेल तर शनिवारपर्यंत सिंपलच राहील की रे."

तो हसला. हसणं चांगलं होतं त्याचं, म्हणूनच मला ते आवडलं नाही. पण तेव्हा माझा खरा संशय दुसऱ्यावरच होता.

गोपीनाथ साळवेचा कॉम्प्युटर क्लास डोंबिवली पूर्वेला, एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर. मंडळाची वेबसाइट त्यानेच बसवून दिली होती. मी आत शिरले आणि आधी दिसलं ते त्याच्या टेबलावरचं खोकं. आमच्याकडे होतं तसंच, त्याच कंपनीचं.

"हे कुणाचं?"

"कल्याणच्या एका डॉक्टरांचं. पुढच्या आठवड्यात बसवायचंय." मग त्याचं माझ्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. "ताई, तुम्ही माझ्यावर डाउट खाताय?"

"सगळ्यांवर खातेय. मंडळाची चावी तू पाहिली होतीस."

"पाहिलेली ना. स्क्रीनवर. मी वाचली, आबांनी लिहिली, मी निघून आलेलो. तो कागद मी बघितला पण नाही."

मी त्याला सोळा आणि चोवीसचं कोडं सांगितलं. तो खुर्चीत सरसावून बसला.

"ताई, पण चाव्या दोन आहेत! एक लायसनची. ती खोक्यात कार्डावर छापून येते. सोळा अक्षरं. तुम्ही सॉफ्टवेअर रीतसर विकत घेतलंय, एवढंच ती सांगते. दुसरी कनेक्शनची. ती साइट बसवताना तयार होते, चोवीस अक्षरांची. ज्या कॉम्प्युटरमध्ये ती टाकाल तो तुमच्या माहितीला जोडला जातो."

"आणि तुम्ही दोघींनाही चावीच म्हणता."

"सगळे म्हणतात."

मला लख्ख कळलं ते माझ्या जुन्या नोकरीमुळे. एके काळी टेलिफोनसाठी लोक दहा-दहा वर्षं थांबत. मंजुरीचा कागद आला की काहीजण तो देवापुढे ठेवत. पण कागद घरात आला म्हणून फोन वाजत नाही. एक्स्चेंजमध्ये कुणीतरी तुमच्या नावाची तार जोडावी लागते, तेव्हा कुठे घंटी. कागद म्हणजे हक्क आणि तार म्हणजे वाट. मंजुळाने कुणाला तरी मंजुरीचा कागद वाचून दाखवला होता. वाट उघडली होती दुसऱ्याच कुणीतरी.

"म्हणजे तिने सांगितलेल्या चावीने काही उघडत नाही?"

"काहीच नाही. चोराकडे स्वतःचं खोकं असणार, स्वतःचं लायसन. आणि त्यावर तुमची कनेक्शनची चावी."

मी टेबलावरच्या खोक्याकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं.

"गोपीनाथ, मंजुळा सुटली तर पुढचा नंबर कुणाचा, कळतंय ना तुला?"

त्याचा चेहरा उतरला. गिरणीची घरघर पायाखाली ऐकू येत होती.

"पुण्याला कंपनीकडे नोंद असते," तो शेवटी म्हणाला. "कुठल्या लायसनवरून, कधी, कुठली चावी टाकली. चुकीची टाकली तरी नोंद होते. मी फॅक्स मागवू?"

"तू नको," मी म्हटलं. "आबांच्या सहीचं पत्र घेऊन मी मागवते."

४

फॅक्स आला शुक्रवारी दुपारी. पाचच ओळी होत्या, प्रत्येकीत टाकलेली अक्षरं जशीच्या तशी छापलेली.

आधीच्या आठवड्यात बुधवारी तीन वेळा चोवीस अक्षरांची चावी टाकलेली, तिन्ही वेळा नामंजूर. गुरुवारी सोळा अक्षरं टाकलेली, नामंजूर. शुक्रवारी साडेचारला पुन्हा चोवीस, मंजूर. पाचही वेळा लायसन एकच, आणि ते आमचं नव्हतं. ते कुणाच्या नावावर आहे हे पोलिसांच्या पत्राशिवाय कळवता येणार नाही, असं खाली लिहिलं होतं.

गुरुवारची ओळ मी आबांना दाखवली. "ही मंजुळाने वाचलेली. बघा, उघडलं नाही."

आबांनी चष्मा कपाळावर घेतला. "बुधवारी चुकली, शुक्रवारी बरोबर आली. म्हणजे मधल्या वेळात आतल्या कुणीतरी चूक दुरुस्त करून दिली. गुरुवारी तिचं त्या माणसाशी बोलणं झालंच होतं. तीच कशावरून नाही?"

वकिली प्रश्न होता. खरं सांगते, त्या क्षणी मलाही मंजुळाचा भरवसा वाटेना.

मी आबांचा कागद आणि फॅक्स शेजारी ठेवले आणि पेन्सिलने एकेक अक्षर ताडून पाहिलं. मुळाक्षरं सगळी बरोबर होती. चुका फक्त आकड्यांत होत्या, आणि त्याही विचित्र. जिथे एक हवा तिथे बुधवारी नऊ टाकलेला. जिथे चार हवा तिथे आठ. तिन्ही वेळा तेच. शून्य, दोन आणि तीन मात्र बिनचूक.

माणूस चुकतो तेव्हा अशा शिस्तीत चुकत नाही.

मी आबांचा कागद हातभर लांब धरला. इंग्रजी अक्षरांच्या गर्दीत आबांचा मराठी एक बसला होता, गोल डोकं आणि खाली शेपूट. इंग्रजी वाचणाऱ्या डोळ्यांनी पाहिला तर तो नऊ! आणि आबांचा गाठ मारलेला चार म्हणजे हुबेहूब इंग्रजी आठ! शून्य, दोन आणि तीन काय, दोन्हीकडे सारखेच दिसतात.

म्हणजे चोराने हा कागद पाहिला होता. गोपीनाथने चावी स्क्रीनवर पाहिली होती. त्याला ही चूक होणं शक्य नव्हतं. मंजुळा रोज आबांच्या हातचे पन्नास फॉर्म टाइप करायची. तिला तर हे आकडे झोपेतही वाचता आले असते. ती चोर असती तर बुधवारी पहिल्याच फटक्यात कुलूप उघडलं असतं. कमिटीतले म्हातारे आबांच्याच शाळेतले, मराठी आकड्यांवरच वाढलेले.

मंजुळा जिन्यातल्या बाकावर बसली होती. चार दिवस ती वेळेवर येत होती आणि काम नसताना सहापर्यंत बसत होती. पळून गेली असं कुणी म्हणू नये म्हणून.

"मंजुळा, आठवून सांग. मागच्या शुक्रवारी तुला कुणी आकडे वाचायला लावले होते?"

"आकडे? आबांचे तर रोजच वाचते."

"आबांनी नव्हे. दुसऱ्या कुणी."

ती विचार करत राहिली, आणि मग तिचा चेहरा बदलला.

"उत्तमदादांनी. चिठ्ठीवर दोन आकडे काढून आणलेले. रिक्षाचा नंबर आहे, कितीचा ते सांग म्हणाले. मला हसूच आलं. म्हटलं, दादा, तुमच्या मद्रासला रिक्षाला दोनच आकडे असतात काय?"

"कुठले आकडे होते?"

"एक आणि चार."

५

पण हे सांगणारी कोण? मंजुळाच. जिच्यावर आळ तिचीच साक्ष. कमिटीने ती उडवून लावली असती. म्हणून शनिवारी सकाळी मी आबांकडून चार चिठ्ठ्या लिहून घेतल्या, कशासाठी ते न सांगता.

अकराला कमिटीचे तिघे जमले. आबांनी तक्रारीचा कागद समोर ठेवला. मंजुळा दाराशी उभी होती. तिला बस असं कुणी म्हटलं नाही.

"सुरुवात करण्याआधी चार फायली लागतील," मी म्हटलं. "उत्तम, एवढं काम कर बाबा. आतल्या खोलीत आहेत. हे नंबर."

फायलींवरचे नंबर मंजुळाने टाइप केलेले, म्हणजे इंग्रजी. चिठ्ठ्यांवरचे आबांच्या हातचे. उत्तम गेला आणि दोन फायली घेऊन लगेच आला. चौदा आणि एकेचाळीस. दोन्ही बरोबर. उरलेल्या दोन चिठ्ठ्या हातात फिरवत तो पुन्हा आत गेला. दोन मिनिटं झाली. तीन झाली.

"काय रे, सापडत नाहीत?" आबांनी हाक मारली.

तो दारात आला. "काका, हे नंबर समजत नाहीत. मराठी नंबर मला येत नाहीत, यू नो. मी मद्रासला शिकलेलो."

आबांनी चिठ्ठ्या घेतल्या. "अरे, सत्तावन्न. आणि हे अडुसष्ट. स्वच्छ तर आहे."

"येत नाहीत ना तुला?" मी विचारलं. "मग चौदा आणि एकेचाळीस कसे आले?"

उत्तमने टेबलावरच्या दोन फायलींकडे पाहिलं.

मी फॅक्स आणि पाकिटातला कागद कमिटीपुढे सरकवला. "या चावीत पाचच आकडे आहेत. शून्य, दोन आणि तीन कुणालाही वाचता येतात. अडतात ते एक आणि चार. बुधवारी चोर त्यांच्यावरच अडला. गुरुवारी त्याने मंजुळाकडून चावी काढायचा प्रयत्न केला, तर तिने भलतीच दिली. शुक्रवारी दुपारी कुणीतरी तिच्याकडून एक आणि चार तेवढे शिकून घेतले, आणि साडेचारला कुलूप उघडलं. मराठी आकड्यांतले एक आणि चार एवढेच येणारा माणूस अख्ख्या ठाण्यात दुसरा शोधून दाखवा."

"हा काय पुरावा झाला?" उत्तमचा आवाज चढला. "गेस आहे हा!"

"गेसच धर. मग लायसनची चावी उरते. तिने कुलूप उघडत नाही, पण ती कुणी विकत घेतली ते नाव कंपनीच्या दप्तरात असतं. पोलिसांचं पत्र गेलं की येईल. तुझं आहे की आणखी कुणाचं, एवढं आत्ताच सांगितलंस तर आबांना ते पोलिसांकडून ऐकावं लागणार नाही."

उत्तमने फॅक्सचा कागद उलटा करून ठेवला.

"मित्राचं," तो म्हणाला. "मंजुळाला फोनही त्यानेच केलेला. ते नवं केंद्र आम्हा दोघांचं. काका, मी आल्यापासून सांगतोय, घोडबंदर रोडला टॉवर होतायत, तिकडे शाखा काढू. तुम्ही म्हणालात, मंडळ म्हणजे दुकान नव्हे."

"आणि ही मुलगी?" मी विचारलं.

त्याने दाराकडे पाहिलं सुद्धा नाही. "तिला काय, टायपिस्ट आहे. दुसरीकडे मिळाली असती नोकरी."

तो गेल्यावर आबा कितीतरी वेळ हात चोळत बसले. मग म्हणाले, "मंजुळा, सोमवारपासून तुझं काम तू सांभाळ. लोकांना आपण कळवू, मशीनमध्ये दोष होता म्हणून. उगाच कुणाचं नाव नको."

कमिटीतले दोघे मान डोलावू लागले.

"आबा," मंजुळा म्हणाली, "नाव घेऊन झालंय."

"म्हणजे?"

"माझं. सोमवारी अकरा घरी. मी तिथेच बसलेली." तिचा आवाज जराही चढला नव्हता. "मला नोकरी नंतर द्या. आधी त्या अकरा घरी फोन करा. मशीनचं नका सांगू. ज्याने केलं त्याचं सांगा."

"अगं, तो माझ्या भावाचा मुलगा आहे."

"मीपण कुणाची तरी आहे."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मदत केली नाही. मग त्यांनी तक्रारीचा कागद उचलून उभा फाडला, कोरा कागद पुढे ओढला आणि पहिल्या ओळीत पुतण्याचं पूर्ण नाव लिहिलं. टोपण लावून पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "लाव फोन."

मंजुळा टेबलाशी बसली. नंबर तिने फिरवायचा आणि रिसीव्हर आबांच्या हातात द्यायचा. "मी टिपणीस. त्या दिवशी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. मंजुळाचा काही दोष नव्हता. माझ्या पुतण्याने केलं." पहिल्या फोनला हे बोलायला त्यांना फार वेळ लागला. कुणी चिडलं, कुणी खोदून विचारलं, कळव्याच्या गृहस्थांनी तर चांगलं फैलावर घेतलं. आबा ऐकून घेत राहिले. अकरावा फोन संपेपर्यंत दीड वाजला होता, आणि मंजुळा आणखी एक नंबर फिरवत होती.

"अकरा झाले ना?" आबा म्हणाले.

"हा आमच्या शेजाऱ्यांचा. आईला बोलावतील. चार दिवस बाजारात बायका तिला विचारतायत."

आबांनी रिसीव्हर घेतला. पलीकडे कुणीतरी हाका मारत गेलं, आणि थोड्या वेळाने जनाबाईंचा आवाज आला. बाजारात कमावलेला आवाज तो. आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. आबांनी सगळं सांगितलं, काही न गाळता.

"माझी पोर तशी नाय, ता माना ठावच व्हता," जनाबाई म्हणाल्या. "पन तुमी सोता सांगलात, बरा झाला. आता तिला जेवाला धारा घरा. चार दिस पोर जेवली नाय."

"धाडतो," आबा म्हणाले. "आत्ताच धाडतो, बाई." बोलता बोलता ते खुर्चीतून उठून उभे राहिले होते, आणि जनाबाईंनी फोन ठेवल्यावरही तसेच उभे होते.